मुंबईच्या खडपावर दिसलेला रंगीत सी स्लग ओळखावा कसा?

मोठ्या ओहोटीला वांद्र्याच्या कार्टर रोडसमोरचे, हाजी अलीच्या आसपासचे किंवा जुहूच्या वाळूला लागून असलेले काळे खडक उघडे पडतात आणि त्यांतल्या एखाद्या वीतभर डबक्यात नारिंगी, जांभळा किंवा पिवळाधमक असा नखाएवढा मऊ जीव सरकताना दिसतो. पाहणारा भराभर फोटो काढतो, घरी येऊन रंग लिहून इंटरनेटवर शोधतो आणि मिळताजुळता दिसणारा पहिला फोटो ज्या नावाखाली असेल, ते नाव त्या जिवाला देऊन मोकळा होतो. हे नाव पुष्कळदा चुकते. सी स्लगच्या अंगावरचा रंग सर्वांत आधी डोळ्यांत भरतो, परंतु ओळख पटवण्याच्या कामी तो सर्वांत कमी भरवशाचा असतो, असे माझे अनेक हिवाळ्यांच्या भटकंतीनंतरचे मत आहे. म्हणून या लेखात रंग मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आधी शरीराची घडण, मग खाद्य आणि त्यानंतर रंग, या क्रमाने गेल्यास नवख्या माणसालाही निदान कुलापर्यंत, म्हणजे नात्यातल्या प्रजातींच्या गटापर्यंत, खात्रीने पोहोचता येते.

सी स्लग म्हणजे शंख गमावलेली, किंवा शंख अगदी लहान करून अंगात दडवलेली समुद्री गोगलगाय. पावसाळ्यात बागेत दिसणारी बिनशंखाची गोगलगाय आणि ही, दोन्ही मृदुकाय संघातल्या उदरपाद वर्गात येतात. मात्र ‘सी स्लग’ हे कोणत्याही एका गणाचे शास्त्रीय नाव नाही. निरनिराळ्या वाटांनी शंख सोडलेल्या अनेक गणांना मिळून ते वापरले जाते. त्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत रंगीत गण न्यूडिब्रँकांचा, म्हणजे उघड्या कल्ल्यांच्या सी स्लगचा. त्याच्या सुमारे ३,००० जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत.

जाण्याची वेळ

पहिली पायरी पंचांगाची आहे. मुंबईत दिवसातून दोन भरती आणि दोन ओहोटी होतात. उधाणाच्या दिवसांत पाणी खूप आत जाते आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, फारसे हटत नाही. सी स्लग खडपाच्या अगदी खालच्या पट्ट्यात राहत असल्याने भांगाच्या ओहोटीला केलेली फेरी बहुधा वाया जाते. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते आणि तिच्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणून भरती दीडच्या सुमारास आणि ओहोटी साडेसातच्या सुमारास. पौर्णिमा आणि अमावस्या यांच्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण सर्वाधिक असते, त्यामुळे प्रतिपदा ते तृतीया या तिथींच्या सकाळी नवशिक्याला सर्वांत सोयीच्या. हा हिशेब अंदाजापुरता असल्यामुळे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावाच आणि ज्या ओहोटीची उंची साधारण अर्ध्या मीटरच्या खाली दाखवली आहे ती निवडावी.

महिने नोव्हेंबर ते मार्च हे चांगले. पावसाळ्यात खडपावर उतरू नये. लाटांचा भरवसा नसतो आणि पाणी गढूळ असल्याने दिसतही काही नाही. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचावे, पाणी उतरत जाईल तसतसे खाली जावे आणि पाणी वळल्याचे दिसताच, एखादा जीव कितीही मनात भरला असला तरी, मागे फिरावे. पायांत पक्की पकड असलेले बंद बूट हवेत. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा सुरीसारख्या लागतात आणि शेवाळावरून पाय सटकला की हात नेमका त्यांच्यावरच पडतो. कोणतीही गोष्ट उघड्या हाताने उचलू नये, कारण याच खडपात विषारी दंश करणारे कोनशंखही असतात.

फोटो कसे काढावेत

ओळख पटेल की नाही हे पुष्कळदा खडपावरच ठरते. घरी आल्यावर जे फोटोत नाही ते कोणीही सांगू शकत नाही, आणि वरून काढलेला एकच सुंदर फोटो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. किमान चार फोटो हवेत: पूर्ण पाठ वरून, शरीराची उंची दिसेल असा बाजूने, डोके व शिंगे जवळून आणि पाठीचा मागचा भाग जवळून. पाचवा फोटो तो जीव ज्यावर बसला आहे त्याचा, म्हणजे स्पंज, शेवाळ किंवा हायड्रॉइड (रोपासारखे दिसणारे, पण दंश करणारे प्राणी) यांचा घ्यावा. मापासाठी लहान पट्टी शेजारी धरावी, अंगाला टेकवू नये. लांबी जीव चालत असताना, पूर्ण ताणलेला असताना मोजावी. आकसलेल्या सी स्लगचे माप निम्म्यावर येते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट धीराची आहे. पाण्याबाहेर उघडा पडलेला किंवा दचकलेला सी स्लग शिंगे आणि कल्ले आत ओढून घेतो आणि नुसता चिकट गोळा दिसतो. ओळखीची नेमकी तीच दोन अंगे असल्यामुळे त्या अवस्थेतला फोटो काही सांगत नाही. डबक्याजवळ बसावे, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये आणि दोन-तीन मिनिटे हलू नये. आधी डोक्याच्या टोकाकडे दोन सूक्ष्म उंचवटे दिसतात, त्यांतून शिंगे हळूहळू वर येतात, आणि मग पाठीच्या मागच्या बाजूला एका छिद्रातून कल्ल्यांचे फूल एकेक पाकळी उलगडत बाहेर येते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढची सगळी वर्गवारी समजायला सोपी जाते. पाण्यावर चमक येत असेल तर छत्रीची सावली धरावी आणि फ्लॅश टाळावा. दगड उलटलाच तर तो हलक्या हाताने पुन्हा जसाच्या तसा ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूची वस्ती उन्हात काही मिनिटांत मरते. जीव उचलून बाटलीत घालून घरी आणू नये. आसपास प्रवाळ असेल तर त्याला पायही लावू नये. तो वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे.

आधी खात्री करावी की तो सी स्लगच आहे

पहिल्या हिवाळ्यात मी केशरी काठाच्या एका देखण्या जिवाची नोंद न्यूडिब्रँक म्हणून केली होती आणि कित्येक महिने ती तशीच ठेवली होती. पुढे फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा पाठीवर कल्ल्यांचे फूल नव्हते आणि डोक्यावर शिंगेही नव्हती. शरीराची पुढची कडाच दोन ठिकाणी दुमडून शिंगांसारखी उभी राहिली होती. तो चपटा कृमी होता. समुद्री चपटे कृमी रंगांत न्यूडिब्रँकांशी इतके जुळतात की अनुभवी माणसांचीही क्षणभर फसगत होते. फरक जाडीत आहे. कृमी कागदासारखा पातळ असतो, खडकाच्या प्रत्येक खाचेत अंग ओतल्यासारखा सरकतो आणि त्याच्या खाली वेगळा दिसणारा पाय नसतो. सी स्लगचे शरीर मांसल असते आणि बाजूने पाहिल्यास पाठीचे आवरण व त्याखालचा पाय हे दोन थर स्पष्ट वेगळे दिसतात.

दुसरी गल्लत ओंकिडियमच्या कुळाशी होते. मुंबईच्या खडकांवर हा करडा-हिरवट, चामखिळींनी भरलेला, गारगोटीसारखा दिसणारा जीव पुष्कळ आढळतो. शंख नसला तरी तो हवेत श्वास घेतो, आणि म्हणूनच पाणी ओसरल्यावर उघड्या खडकावर निवांत चरताना दिसतो. उघड्या खडकावर ऐन ओहोटीत फिरणारा करडा जीव दिसला तर आधी याचीच शंका घ्यावी.

सी स्लग आहे हे नक्की झाल्यावर तो न्यूडिब्रँकच आहे का, हे पाहावे लागते. पाठीवर दुमडलेल्या दोन पंखांसारखे भाग असलेला, पानासारखा हिरवा आणि शेवाळावर बसलेला जीव बहुधा एलिसिया असतो. तो शेवाळाचा रस शोषतो आणि त्यातली हरितलवके आपल्या अंगात जिवंत ठेवतो. सशाच्या कानांसारखी शिंगे असलेला, धष्टपुष्ट आणि छेडल्यास जांभळी शाई सोडणारा तो समुद्री ससा. डोक्याच्या जागी नुसती चपटी ढाल असलेला आणि पाठीशी पातळ बुडबुड्यासारखा शंख बाळगणारा हॅमिनोइया वेगळ्या गणातला. एकरंगी नारिंगी, जाडसर, पाठीवर कल्ले नसलेला जीव दिसला तर उजव्या बाजूला आवरणाच्या कडेखाली पाहावे. कल्ला तिथे दडलेला असेल तर तो प्लुरोब्रँक गणातला समजावा.

पाठ वाचणे

आता खरी ओळख सुरू होते. न्यूडिब्रँकांचे दोन मोठे विभाग पाठीवरूनच कळतात.

ज्याच्या पाठीच्या मागच्या भागात गुदद्वाराभोवती कल्ल्यांचे गोलाकार फूल असते तो डोरिड. त्याची शिंगे सहसा पानांच्या चळतीसारख्या आडव्या घड्यांची असतात आणि मुळाशी असलेल्या खोबणीत आत ओढली जातात. ही शिंगे पाण्यातली रासायनिक खूण टिपतात. गंधाने अन्न आणि जोडीदार शोधण्याचे काम त्यांचे. बहुतेक डोरिड स्पंज खातात.

ज्याच्या पाठीवर कल्ल्यांचे फूल नसून बोटांसारखे उंचवटे ओळींनी किंवा झुपक्यांनी उभे असतात तो क्लॅडोब्रँक. यांतल्या एओलिडांमध्ये त्या बोटांना सेराटा म्हणतात आणि प्रत्येक बोटात पचनग्रंथीची एक शाखा गेलेली असते. एओलिड मुख्यतः हायड्रॉइड आणि त्यांचे नातलग खातात, त्यांच्या दंशपेशी न पचवता सेराटांच्या टोकांशी असलेल्या पिशव्यांत साठवतात आणि स्वतःच्या बचावासाठी वापरतात. समुद्रावर तरंगत राहणारा निळा ग्लॉकस हा एओलिड ब्लूबॉटल हा जेलीफिशसारखा दंश करणारा जीव खाऊन हेच करतो, म्हणून पावसाळ्यात वाळूवर वाहून आलेला ग्लॉकस हातात घेऊ नये.

एक उदाहरण जवळून पाहू. हायड्रॉइडांच्या तपकिरी झुडपावर तीनेक सेंटिमीटरचा, पांढुरक्या अंगावर नारिंगी-तपकिरी जाळी असलेला जीव दिसला. नुसत्या रंगावरून शोधले तर पंचवीस नावे निघतील. पाठ पाहिली तर मागे फूल नाही. दोन्ही कडांना मात्र जोडी-जोडीने उभे राहिलेले मोठे उंचवटे आहेत. म्हणजे डोरिड बाद. हे उंचवटे साध्या बोटांसारखे आहेत का? नाहीत, त्यांना वर फाटे फुटले आहेत आणि आतल्या बाजूला लहान झुडपासारखे कल्ले चिकटलेले आहेत. म्हणजे एओलिडही बाद. मग शिंगे पाहिली: ती ज्या म्यानातून निघतात त्या म्यानालाच लांब बोटे फुटली आहेत. तोंडाच्या दोन्ही बाजूंना लहान बोटांचा चांदणीसारखा झुपका आहे. इतकी चिन्हे जुळली की कुल बॉर्नेलिडी आणि प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) बॉर्नेला ठरते. आता, अगदी शेवटी, रंगाकडे यावे: फाट्यांच्या टोकांच्या थोडे खाली नारिंगी-तांबडी पट्टी असेल तर ही बॉर्नेला स्टेलिफर. ‘स्टेलिफर’ म्हणजे तारे धारण करणारा. तो जीव छेडला गेल्यावर अंग डाव्या-उजव्या बाजूंना वळवत पोहू लागला, तर ओळखीला आणखी एक आधार मिळतो. रंग इथे उपयोगी पडला, कारण तोवर आपण शेकडो जातींवरून मोजक्या जातींवर आलो होतो.

रंगावर किती भिस्त ठेवावी

डेंड्रोडोरिस फ्युमाटा ही एकच जाती करडी, नारिंगी आणि जवळजवळ काळी अशा निरनिराळ्या रंगांत सापडते. एओलिडांच्या सेराटांचा आतला रंग तर पुष्कळदा शेवटच्या जेवणावर अवलंबून असतो, कारण पारदर्शक कातडीतून पचनग्रंथीतले अन्नच दिसत असते. पिल्लांचे नक्षीकाम मोठ्यांहून वेगळे असू शकते. उलट बाजूने, ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर लाल ठिपक्यांच्या अनेक वेगवेगळ्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, कारण बेचव असल्याची एकच जाहिरात सगळ्यांनी केली तर भक्षक ती लवकर शिकतो. थोडक्यात, एका जातीत अनेक रंग आणि एका रंगात अनेक जाती, हे दोन्ही या गटात नेहमीचे आहे.

तरीही क्रोमोडोरिडिडी या अतिरंगीत कुलात रंगाला मान द्यावा लागतो. पण तिथेही रंगद्रव्याचे नाव पाहू नये, त्याची मांडणी पाहावी: आवरणाच्या काठाला किती कड्या आहेत, कोणती कडी बाहेर आणि कोणती आत, कडी अखंड आहे की तुटक, ठिपके सपाट आहेत की उंचावलेले, शिंगांचा रंग मुळाशी आणि टोकाशी एकच आहे का, कल्ल्यांच्या कण्याचा रंग पाकळीपेक्षा वेगळा आहे का. या प्रश्नांची उत्तरे वहीत शब्दांत लिहावीत. हात लिहू लागला की डोळा नेमका होतो. शरीराचा घाटही बघावा: आवरण पायाच्या कडेबाहेर रुंद पसरलेले आणि अंग बसके असेल तर गोनिओब्रँकस किंवा क्रोमोडोरिस प्रजातीकडे, आणि अंग उंच व आवरणाची कड अरुंद असेल तर हिप्सेलोडोरिसकडे वळावे.

नाव आणि कंसातले नाव

मुंबईकराने एक नाव अवश्य लक्षात ठेवावे: गोनिओब्रँकस बॉम्बेयानस (विंकवर्थ, १९४६). या जातीच्या नावातच आपले शहर आहे. तिची वर्गवारी वरून खाली अशी वाचावी: मृदुकाय संघ, उदरपाद वर्ग, हेटेरोब्रँकिया उपवर्ग, न्यूडिब्रँकिया गण, क्रोमोडोरिडिडी कुल, गोनिओब्रँकस प्रजाती, बॉम्बेयानस जाती.

शोधकाचे नाव आणि वर्ष कंसात आहे, याला अर्थ आहे. जातीचे मूळ वर्णन वेगळ्या प्रजातीखाली झाले होते आणि ती नंतर हलवली गेली, असे तो कंस सांगतो. कंस नसता तर प्रजाती पहिल्यापासून तीच आहे असे समजले असते. जुन्या पुस्तकांत हीच जाती क्रोमोडोरिस बॉम्बेयाना या नावाने भेटते. २०१२ साली जनुकीय अभ्यासावरून क्रोमोडोरिडिडी कुलाची फेरमांडणी झाली, पूर्वी क्रोमोडोरिस म्हटल्या जाणाऱ्या अनेक जाती गोनिओब्रँकसमध्ये गेल्या, आणि तेव्हा जातीच्या नावाचा शेवटही बदलला. मराठीत ‘तांबडी चिंबोरी’ आणि ‘तांबडा मासा’ असे विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, तसेच लॅटिन नियमांत जातीचे विशेषण प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलते. गोनिओब्रँकस पुल्लिंगी असल्याने बॉम्बेयानाचे बॉम्बेयानस झाले. जुन्या आणि नव्या यादीत दोन नावे दिसली म्हणून दोन जाती मोजू नयेत. जुन्या ग्रंथांतला ‘ओपिस्थोब्रँक’ हा शब्दही असाच वाचावा. सी स्लगांसाठी तो बोलण्यात अजून चालतो, परंतु आजच्या वर्गीकरणात तो स्वतंत्र गट म्हणून मानला जात नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर नवी नावे अजूनही पडत आहेत. गुजरातमधल्या पोशित्रा या ठिकाणावरून नाव मिळालेली क्रॅटेना पोशित्रा ही एओलिड जाती २०२० साली शास्त्रीयरीत्या वर्णिली गेली. अशा वर्णनासाठी नमुना जपून ठेवणे, सूक्ष्मदर्शकाखाली दातांची पट्टी म्हणजे रॅड्युला तपासणे, जननेंद्रियांचे विच्छेदन आणि डीएनए हे सगळे लागते. ते काम प्रशिक्षित संशोधकांचे आहे. आपले काम त्यांना विश्वासाने वापरता येईल अशी नोंद देण्याचे.

कुठे थांबावे

ज्या पायरीपर्यंत पुरावा आहे त्या पायरीवर थांबणे हा या कामातला सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक संयम आहे. फोटोत कल्ले दिसत नसतील तर ‘न्यूडिब्रँक’ एवढेच लिहावे. प्रजाती नक्की आणि जाती संशयित असेल तर प्रजातीच्या नावापुढे ‘एसपी.’ लिहावे; ज्ञात जातीशी जुळते पण खात्री नाही असे असेल तर दोन नावांच्या मध्ये ‘सीएफ.’ लिहावे. चुकीने दिलेले पक्के नाव पुढच्या दहा जणांना चुकवते, आणि कुलापर्यंत दिलेली खरी ओळख कोणाचेही नुकसान करत नाही.

नोंद आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकावी, म्हणजे जगभरचे जाणकार ती पाहू शकतात. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट खडपावर फेऱ्या काढतो. नवख्याने पहिल्या दोन-तीन खेपा अशा जाणत्या सोबतीनेच कराव्यात. सी स्लग सापडला नाही तरी खडकाच्या पोटाला चिकटलेली पांढरी किंवा पिवळी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली फीत दिसली तर तिचाही फोटो घ्यावा. ती सी स्लगची अंडी असतात, आणि हे जीव उभयलिंगी असल्यामुळे जवळच्या कोणत्याही प्रौढाने ती घातलेली असू शकतात.

वहीतली एक पूर्ण नोंद साधारण अशी दिसावी: “कृष्ण द्वितीया, सकाळी ७.४०. कार्टर रोड, खालचा पट्टा, सावलीतले डबके, पाणी वीतभर. लांबी चालताना १८ मिलिमीटर. पाठीमागे कल्ल्यांचे फूल, पाकळ्या आठ, आत ओढल्या जातात. शिंगे घड्यांची. आवरण रुंद, काठाला दोन कड्या, बाहेरची अखंड. निळसर स्पंजावर, तोंड स्पंजाला टेकलेले. चार फोटो, पट्टीसह. गोनिओब्रँकस एसपी. अंड्यांची फीत हातभर अंतरावर, दगड पुन्हा जागेवर ठेवला.”